तान्ह्या बाळाचे नाक आणि श्वास : घड्याळ लावून मोजा, वेळेत दवाखाना गाठा

या पत्रिकेच्या शेतकी पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, रोपलागण, हुमणी, खोडकीड, खोडव्याची मशागत हेच विषय वाचता. आज विषय वेगळा घेतला आहे. तान्ह्या बाळाचे नाक चोंदणे आणि त्याला श्वासाचा त्रास होणे, याबद्दल चार उपयोगाच्या गोष्टी सांगणार आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने बाळंतिणीच्या खोलीतल्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कोणी म्हणेल. त्याला कारण आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आमचा शेतकी स्टाफ रोज पहाटेपासून फडात असतो. हे दिवस थंडीचे. पहाटे दव, दिवसा पाचटाची धूळ, संध्याकाळी चुलीचा धूर. याच दिवसांत सभासदांच्या घरी आणि बांधावरच्या कोप्यांत महिना-पंधरा दिवसांची बाळे असतात. कुणाचे नाक वाजते, कुणी दूध पिताना धापा टाकते. घरातले म्हणतात, "सर्दी झालीया, होईल बरी." बहुतेक वेळा ती खरोखरच बरी होते. पण काही वेळा ती सर्दी नसते, आणि त्या वेळी पाच-सहा तासांचा उशीरही बाळाच्या जिवावर बेततो. कोणते बाळ घरी सांभाळण्याजोगे आणि कोणते ताबडतोब दवाखान्यात न्यायचे, हे ओळखता यावे एवढ्यासाठी हा लेख.

मी डॉक्टर नाही, शेतीचा डिप्लोमा झालेला माणूस आहे. पण पीक पाहून पाण्याचा ताण ओळखणाऱ्या शेतकऱ्याला बाळाचा श्वास पाहून त्रास ओळखणे अवघड नाही. पाहायचे काय, एवढे कळले पाहिजे.

बाळ नाकानेच श्वास घेते

मोठ्या माणसाचे नाक बंद झाले तर तो तोंड उघडून श्वास घेतो. तान्ह्या बाळाला हे सहज जमत नाही. पहिले काही महिने ते प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. त्याचा स्वरयंत्राचा भाग घशात बराच वर असतो. त्यामुळे त्याला दूध ओढता ओढता नाकाने श्वासही चालू ठेवता येतो. निसर्गाने ही सोय दूध पिण्यासाठी केली आहे. पण नाक चोंदले की हीच सोय अडचणीची होते. बाळ दोन घोट पिते, सोडते, रडते, पुन्हा लागते, पुन्हा सोडते. आईला वाटते दूध कमी आहे. दूध भरपूर असते, श्वासाची वाट अडलेली असते.

शिवाय ती वाटही किती लहान! आपल्याला पाईपलाईनचा अनुभव आहे. मोठ्या पाईपात थोडा गाळ बसला तर फारसे जाणवत नाही. ठिबकच्या ड्रीपरमध्ये क्षाराचा कण अडकला तरी पाणी बंद होते. शास्त्र असे सांगते की नळीचा व्यास निम्मा झाला, तर तिच्यातून सावकाश वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळा पट वाढतो. म्हणून मोठ्यांच्या नाकात ज्या शेंबडाची जाणीवही होत नाही, तेवढ्याने तान्ह्याचे नाक वाजायला लागते.

मात्र प्रत्येक आवाजाने घाबरू नये. नवजात बाळ दिवसातून अनेकदा शिंकते. नाक साफ करण्याची त्याची तीच रीत आहे. झोपेत नाकातून थोडा घुरघुर आवाज येणे हेही पुष्कळ बाळांत दिसते. तान्ह्याचा श्वास घड्याळासारखा एकसारखा चालत नाही. थोडा वेळ भरभर, थोडा वेळ सावकाश, मध्ये पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू, असे होऊ शकते. बाळ गुलाबी आहे, अंगावर नीट पीत आहे, पिऊन शांत झोपत आहे, तर काळजीचे कारण नाही. मात्र श्वास वीस सेकंद थांबला, किंवा थांबताना बाळ निळे पडले वा सैल पडले, तर तो धोका समजावा.

दोन बाळे, दोन आजार

मागील हंगामातली दोन उदाहरणे सांगतो. नावे व गावे देत नाही.

डिसेंबरात एका सभासदाच्या घरी खोडव्याच्या नोंदीसाठी गेलो होतो. घरात वीस दिवसांची नात. नाकाचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. आजीने मला सांगितले, "साहेब, रोज न्हाऊ घातल्यावर नाकात दोन थेंब तेल सोडते, तरी नाक मोकळं होईना." योगायोगाने आशाताई भेटीला आल्या होत्या. त्यांनी बाळाचे झबले वर करून पोटाकडे पाहत मिनिटभर श्वास मोजला. अठ्ठेचाळीस. छाती आत ओढली जात नव्हती. बाळ पीत होते, वजनही वाढत होते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-शेपांची धुरी मात्र दोन वेळा चालू होती. तेल बंद, धुरी बंद, पाजण्याआधी सलाईनचे थेंब, एवढेच आशाताईंनी सांगितले. आठवड्याने मी पुन्हा गेलो तेव्हा नाक मोकळे होते.

दुसरे उदाहरण जानेवारीतले. रात्री आठच्या सुमारास गट ऑफिसच्या चिटबॉयचा फोन आला, "साहेब, टोळीतलं एक लेकरू कण्हतंय, जीप पाठवता का?" जीप घेऊन मीच गेलो. बारा दिवसांचे बाळ. सकाळपासून अंगावर नीट पीत नव्हते. मुकादमाचे म्हणणे, "सर्दी हाय, नाकात तेल टाकलंय. पहाटंची गाडी भरून झाली की नेऊ." कोपीत उजेड नव्हता. बॅटरी धरून आम्ही पाहिले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या, श्वास सोडताना 'हं... हं...' असा कण्हण्याचा आवाज येत होता. घड्याळ लावून श्वास मोजला, मिनिटाला चौऱ्याहत्तर. हात-पाय गार. खोकला नव्हता, तापही नव्हता.

आईने बाळ उघड्या अंगाने आपल्या छातीशी धरले, वरून शाल घेतली आणि आम्ही ग्रामीण रुग्णालय गाठले. तिथे ऑक्सिजन व पहिले इंजेक्शन देऊन १०८ च्या गाडीने बाळाला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात हलवले. न्यूमोनिया होता. अकरा दिवसांनी बाळ आईच्या अंगावर पीत परत आले. सकाळपर्यंत थांबला असतात तर काही सांगता आले नसते, असे तेथील डॉक्टर म्हणाले.

दोन्ही घरांत शब्द एकच होता, 'सर्दी'. एका ठिकाणी अडथळा नाकात होता, दुसऱ्या ठिकाणी आजार छातीत होता. नुसता आवाज ऐकून हा फरक कळत नाही. तो कळतो पोट पाहून आणि घड्याळ पाहून. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्यांच्या न्यूमोनियात ताप-खोकला असतो. तान्ह्याच्या न्यूमोनियात ताप नसतो, खोकला नसतो, उलट अंग गार पडते, असे होऊ शकते. 'ताप नाही, मग घाबरायचं काय?' हा हिशेब इथे चालत नाही.

श्वास कसा मोजावा

१. बाळ शांत किंवा झोपलेले असावे. रडताना व पिताना मोजू नये.

२. झबले वर करून पोट व छातीचा खालचा भाग उघडा करावा. उजेड पुरेसा असावा.

३. सेकंद काटा असलेले घड्याळ किंवा मोबाईल शेजारी ठेवावा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास.

४. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो.

५. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साधारण ३० ते ६० असतो. ६० किंवा अधिक भरला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा. दुसऱ्यांदाही ६० किंवा अधिक भरला तर बाळाला दवाखान्यात न्यावे.

पाचवी शिकलेली मुलगीही हे करू शकते. उसाच्या डोळ्यांची उगवण मोजायला आपण शंभर डोळे मोजतो. इथे साठपर्यंतच मोजायचे आहे.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी रात्र-दिवस, पाऊस-थंडी न पाहता दवाखाना गाठावा.

• श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक.
• श्वास घेताना बरगड्यांखाली किंवा छातीच्या मध्यभागी खोल खळगा पडणे.
• नाकपुड्या फुलणे. श्वास सोडताना कण्हणे.
• ओठ, जीभ निळसर किंवा काळपट होणे. (थंडीत नुसते हात-पाय निळसर दिसले तर बाळाला ऊब द्यावी. जीभ निळी दिसली तर मात्र एक क्षणही थांबू नये.)
• वीस सेकंद श्वास थांबणे.
• अंगावर न पिणे किंवा पिण्याचे एकदम कमी होणे.
• हालचाल मंदावणे, अंग सैल पडणे, झटके येणे.
• काखेतले तापमान ३७.५ सेल्सिअस (म्हणजे ९९.५ फॅरनहाइट) किंवा अधिक, अथवा ३५.५ सेल्सिअसपेक्षा (९५.९ फॅरनहाइट) कमी.

दवाखान्यात नेताना बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरावे, डोक्याला टोपी घालावी, वरून पांघरूण घ्यावे; पण नाक-तोंड झाकू नये. मोटारसायकलवर वाऱ्यात नेण्यापेक्षा १०८ किंवा १०२ नंबरवर फोन करून गाडी मागवावी. गाडीला वेळ लागणार असेल तर शेजारची जीप, पिकअप जे मिळेल ते घ्यावे. धाप लागलेल्या बाळाला वाटेत चमच्याने काही पाजू नये, ते छातीत जाते.

खर्चाच्या धास्तीने थांबू नये. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे सरकारी रुग्णालयातील उपचार, औषधे, तपासण्या आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. हा हक्क सभासदाच्या बाळाला आहे तसाच तोडणी मजुराच्या बाळालाही आहे.

नुसते नाक चोंदले असेल तर

वरील एकही खूण नसेल, फक्त नाक चोंदले असेल, तर उपाय साधा आहे. औषधाच्या दुकानात नाकात घालायचे सलाईनचे, म्हणजे निव्वळ मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. पाजण्याच्या थोडे आधी बाळाला उताणे धरून प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे. घाण मऊ होऊन बाळ शिंकते किंवा ती बाहेर येते. ती स्वच्छ मऊ कापडाने पुसून घ्यावी. नाकाच्या आत बोट, काडी, कापसाची वात घालू नये. आतली त्वचा सुजते आणि नाक आणखी चोंदते. एका बाळाची बाटली दुसऱ्याला वापरू नये. पाजायचे ते थोडे थोडे आणि वरचेवर. झोपवायचे ते उताणे, सपाट अंथरुणावर. नाक चोंदले म्हणून उशी देऊ नये.

थेंब घेताना बाटलीवरचे नाव डॉक्टरांना किंवा आशाताईंना दाखवून घ्यावे. मोठ्यांच्या चोंदलेल्या नाकाचे औषधी थेंब दिसायला तसेच असतात, पण ते तान्ह्याला घातक ठरू शकतात.

आता न करण्याच्या गोष्टी. यातल्या काही आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. आज्या-पणज्यांनी त्या मायेनेच केल्या. पण माया खरी असली म्हणून उपाय बरोबर ठरतोच असे नाही.

• नाकात तेल : टाळूला, अंगाला तेल लावा, हरकत नाही. पण नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते. तेल गेले तरी बाळाला खोकला येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वारंवार गेले तर त्यानेच न्यूमोनिया होतो. अंगावरचे दूध नाकात पिळण्याचीही गरज नाही.
• धुरी आणि शेगडी : ओवा असो, वेखंड असो की शेपा असोत, धूर तो धूरच. ज्याचे नाक अरुंद त्याला तो अधिक बाधतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका. ऊब हवी तर आईचे अंग, टोपी, मोजे, गोधडी.
• कापूर, बाम : कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नये, बाम छातीला चोळू नये. कापूर तान्ह्याला विषारी आहे.
• वाफ : उकळत्या पाण्याजवळ बाळ धरू नये. भाजण्याचे प्रकार होतात.
• तोंडाने नाक ओढणे : मोठ्यांच्या तोंडातले जंतू सरळ बाळाच्या नाकात जातात.
• डागणे : पोटावर, छातीवर डाग देण्याचा अघोरी प्रकार अजून कुठे कुठे होतो. त्याने श्वास सुधारत नाही, जखम तेवढी होते.
• सर्दी-खोकल्याची पातळ औषधे : क्लोरफेनिरामाइन व फेनिलएफ्रिन यांचे एकत्र औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली, त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य खात्याने दिली. तेव्हा थोरल्या मुलाची उरलेली बाटली धाकट्याला पाजू नये.

जन्मतःच नाक बंद असेल तर

काही हजार जन्मांमागे एखादे बाळ असे जन्मते की त्याच्या नाकाची मागची वाट हाडाने किंवा पडद्याने बंद असते. बाहेरून नाक अगदी व्यवस्थित दिसते. डॉक्टर याला कोएनल अ‍ॅट्रेशिया म्हणतात. दोन्ही बाजू बंद असतील तर जन्मल्याबरोबर त्रास सुरू होतो. याची खूण विलक्षण आहे. बाळ शांत असताना निळे पडते आणि रडायला लागले की गुलाबी होते. कारण रडताना तोंडाने हवा जाते. दूध पाजायला घेतले, तोंड बंद झाले की पुन्हा निळे. इतर आजारांत बहुधा याच्या उलट, रडल्याने बाळ अधिक निळे होते. म्हणून 'रडू दे, दम लागेल, गप्प करा' असे न म्हणता हे नीट पाहावे आणि लगेच सांगावे. डॉक्टर किंवा नर्स मऊ बारीक नळी नाकातून घालून पाहतात. ती मागे उतरली नाही तर संशय येतो. तोंडात नळी ठेवून श्वासाची वाट मोकळी ठेवतात आणि पुढे शस्त्रक्रियेने नाकाची वाट उघडतात. एकच बाजू बंद असेल तर ते वर्षानुवर्षे कळतही नाही. मूल मोठे झाल्यावर एकाच नाकपुडीतून सतत शेंबूड येतो, तेव्हा कळते. अशा मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

पहिला श्वास आणि कमी दिवसांचे बाळ

जन्मल्यावर पहिल्या मिनिटात बाळाने श्वास घेतला पाहिजे. न रडणाऱ्या बाळाला उलटे टांगणे, पाठीवर थपडा मारणे, तोंडावर गार पाणी मारणे, नाकाला कांदा लावणे, वार शेकत बसणे, यात हे मोलाचे मिनिट जाते. बाळ कोरडे पुसून घेणे, ऊब देणे, पाठ चोळणे, आणि तरी श्वास नसेल तर मास्क लावून पिशवीने हवा देणे, हे काम शिकलेल्या माणसाचे आहे. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. हंगामात दिवस भरत आलेली बाई टोळीत असेल तर तिची नोंद त्याच गावच्या आशाताईंकडे आधीच करावी.

दिवस न भरता जन्मलेल्या बाळाचे फुप्फुस कच्चे असते. फुप्फुसातले हवेचे फुगे उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव त्यात पुरेसा नसतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने ३९ तासांत गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षांच्या मुलासाठीही त्या वेळी उपाय नव्हता. आज तो आपल्या जिल्हा रुग्णालयात असतो. बाळाच्या नाकपुड्यांत छोट्या नळ्या बसवून हलक्या दाबाने हवा देतात, दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते, त्यातून बुडबुडे येत राहतात. त्या दाबाने फुप्फुस मिटत नाही. अवेळी कळा सुरू झाल्या तर बाळाचे फुप्फुस लवकर पक्के व्हावे म्हणून आईला इंजेक्शन देतात. पण त्यासाठी आई वेळेत पोचली पाहिजे.

मिश्री लावणाऱ्या भगिनींनाही इथे सांगणे आहे. गरोदरपणात तंबाखू पोटात गेली की बाळ कमी वजनाचे होते, आणि कमी वजनाच्या बाळाला श्वासाचे आजार लवकर गाठतात.

गडचिरोलीने दाखवलेली वाट

खेड्यातल्या बायकांना हे सगळे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी आपल्याच राज्यातल्या गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात तेथील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. श्वास मोजणे, ऊब देणे, न रडणाऱ्या बाळाला हवा देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्यांनी केली. पूर्वी याच संस्थेने मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन केले होते. परिणाम काय झाला? त्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात मृत्यू होत, ते तिसऱ्या वर्षी २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. २०११ पासून देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात त्यांचा पाया हाच आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी असतात. घरी झाले तर पहिल्या दिवसाची एक जास्त. आशाताई आल्या की त्यांना ओसरीवरून चहा देऊन परत न पाठवता बाळ उघडून दाखवावे.

तसेच दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसी चुकवू नयेत. त्यांत डांग्या खोकला आणि न्यूमोनिया यांच्यापासून रक्षण करणाऱ्या लसी आहेत.

फडातली कोपी आणि आपली जबाबदारी

आता आपल्या कारखान्याशी संबंधित तीन विनंत्या.

पहिली पाचटाची. तोडणी झाल्यावर पाचट पेटवून दिले की त्याचा धूर रात्री थंड हवेत खालीच राहतो आणि वस्तीत व कोप्यांत शिरतो. मोठ्यांचे डोळे झोंबतात, तान्ह्याची तर छातीच भरते. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे फुकटचे खत आहे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजविणारे जिवाणू टाकून ते सरीत दाबावे. जमीन सुधारते, पाणी वाचते आणि शेजारचे लेकरूही सुखाने श्वास घेते.

दुसरी कोपीच्या जागेची. टोळी उतरेल तिथे कोपीचे तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवू द्यावे. चूल कोपीबाहेर आडोशाला मांडू द्यावी. आपल्या वस्तीवरचा दिवा, पिण्याचे पाणी, रात्री निकडीला लागणारा फोन, एवढे देण्याने आपले काही कमी होत नाही. तोडणी मजुरांच्या गावची आशा तिकडे दोनशे किलोमीटरवर राहते आणि इथल्या आशेच्या यादीत त्यांचे नाव नसते. टोळीत बाळंतीण किंवा गरोदर बाई असल्यास सभासदाने स्वतः इथल्या आशाताईंना कळवावे. चिटबॉय, स्लिपबॉय यांनीही टोळीची नोंद घेताना हे विचारून घ्यावे.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. आजारी बाळाला दवाखान्यात नेण्यास उशीर होतो तो अडाणीपणापेक्षा धास्तीने होतो. एक दिवस गेला की खाडा पडतो, पैसे कापले जातात, उचल फिटत नाही, मुकादम बोलतो. सभासदाला वाटते, आपला ऊस तोडून पडला आहे, खेप चुकली तर वजन घटेल. हे खोटे नाही. तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो, हे मीच तुम्हाला दर हंगामात सांगत आलो आहे. पण एका कोयत्याचा एक दिवस बुडाल्याने होणारे नुकसान पुढच्या खेपेत भरून निघते. तान्ह्या बाळासाठी दवाखान्यात गेलेल्या जोडीचा खाडा मुकादमांनी धरू नये, सभासदांनी त्यांना तगादा लावू नये. अशा वेळी गाडी भरायला माणूस कमी पडला तर गट ऑफिसला कळवा. दुसऱ्या टोळीतून सोय करण्याचा प्रयत्न शेतकी खाते करील.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाची पाने दुपारी गुंडाळली की आपण पाण्याची पाळी पुढे ढकलत नाही. घरातल्या आणि बांधावरच्या तान्ह्या बाळाच्या बाबतीतही तेच धोरण ठेवा. हे पान कापून घरात पाळण्याजवळच्या भिंतीला लावा आणि टोळी उतरली की त्यातल्या बायांना एकदा वाचून दाखवा. नाक वाजत असेल तर सलाईन. साठ भरले, खळगा पडला, बाळ कण्हले किंवा पिईनासे झाले, तर दवाखाना. एवढे दोन नियम सर्वांच्या तोंडी झाले तर या लेखाचे सार्थक झाले असे समजेन.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते